मधुमेही दृष्टिपटलविकार आणि आनुवंशिकता
रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, काही बुजतात. मग नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात आणि त्यांतून होणारा रक्तस्राव नजर हिरावून घेतो.

मात्र साखर सारखीच असूनही हे सर्वांच्या वाट्याला येत नाही. बॉस्टनचे जोस्लिन केंद्र इन्शुलिनवर ५० वर्षे काढलेल्यांना पदक देते. त्यांतील अनेकांच्या पडद्यावर गंभीर विकार आढळला नाही. उलट, चेन्नईतील अभ्यासात एकाच घरातील मधुमेही भावंडांत हा विकार एकवटलेला दिसला. रक्तवाहिन्यांची वाढ घडवणाऱ्या ‘व्हीईजीएफ’ प्रथिनाच्या जनुकावर संशोधकांची नजर आहे. पण एकच दोषी जनुक सापडलेले नाही.

म्हणून घरात कुणाला हा त्रास असेल, तर पडद्याची तपासणी मुळीच टाळू नये. अमेरिका-कॅनडातील मोठ्या चाचणीत (१९८३–९३) साखरेच्या काटेकोर नियंत्रणाने विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला.

वुल्फ्रम संलक्षणाची गोष्ट वेगळी. त्यात मधुमेहासोबत दृष्टिचेताच सुकते आणि कारण बहुधा ‘डब्ल्यूएफएस१’ हे एकच जनुक असते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका असतो.