जुना साज, नवे इंजिन

दिसायला महायुद्धापूर्वीची आणि आतून चालू बाजारातली, अशी मोटार तयार करून विकण्याचा धंदा अमेरिकेत १९६०च्या दशकात उभा राहिला. तोवर मर्सिडीजची एसएसके किंवा १९३६ची कॉर्ड ८१० अशा गाड्या संग्राहकांच्या शेडमध्ये जाऊन बसल्या होत्या. एसएसके तर १९२८ ते १९३२ या काळात चाळीसच्या आतच बनल्या. ज्याच्याकडे अशी गाडी होती, त्यालाही ती रोज रस्त्यावर काढणे परवडत नसे. सुटे भाग मिळत नसत आणि हात लावू शकणारे मिस्त्रीही थोडेच उरले होते. हौस मोठी आणि गाड्या मोजक्या, या अडचणीतून प्रतिकृती मोटारींना गिऱ्हाईक मिळाले.

पहिला ठळक प्रयत्न मिलवॉकीच्या ब्रुक्स स्टीव्हन्स या औद्योगिक डिझायनरचा. तो स्टुडबेकर कंपनीचा सल्लागार होता आणि कंपनीची घरघर तेव्हा सुरू झाली होती. साउथ बेंडचा कारखाना डिसेंबर १९६३मध्ये बंद पडला. न्यूयॉर्कच्या १९६४च्या मोटार प्रदर्शनात लोकांचे लक्ष वेधण्यासाठी स्टीव्हन्सने स्टुडबेकर लार्क डेटोनाच्या चासीवर एसएसकेच्या वळणाची उघडी गाडी चढवली. ऐन वेळी कंपनीने अंग काढून घेतले, तेव्हा त्याने ती स्वतःच्याच स्टॉलवर मांडली. ती एवढी गाजली की त्याच्या मुलांनी तिचा कारखानाच काढला. गाडीचे नाव एक्सकॅलिबर. लांबलचक बॉनेट, त्याच्या कुशीतून बाहेर पडणारे चकचकीत लवचीक पाइप, वळणदार मडगार्ड हा सगळा साज जुना. पण स्टुडबेकरचे इंजिन बनणे थांबल्यावर बॉनेटखाली आले ते शेवरोलेचे व्ही-८, म्हणजे कॉर्व्हेटमध्ये बसणारे. बिघाड झाला तर कोणत्याही गावातले शेवरोलेचे गॅरेज पुरे. खरी एसएसके चालवणाऱ्याच्या नशिबी हे सुख कधीच नव्हते. १९९०पर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास एक्सकॅलिबर बनल्या. अस्सल गाडीच्या तुलनेत हा आकडा प्रचंडच.

त्याच सुमारास ओक्लाहोमातल्या ग्लेन प्रे या शाळाशिक्षकाने वेगळी वाट धरली. त्याने १९६०मध्ये ऑबर्न-कॉर्ड-ड्यूझेनबर्ग कंपनीचे उरलेसुरले भाग आणि नावाचे हक्क विकत घेतले होते. १९६४मध्ये त्याने कॉर्ड पुन्हा काढली, पण मूळ आकाराच्या आठ-दशांश मापाची. म्हणून तिचे नाव ८/१०. मूळ कॉर्डप्रमाणे ओढ पुढच्या चाकांची, इंजिन मात्र शेवरोले कॉर्व्हेअरचे, आणि बॉडी रॉयलाइट नावाच्या जाड प्लास्टिकची. एवढी कल्पकता लढवूनही गाड्या शंभराच्या आतच बनल्या. नकलेतही मूळ गाडीचे यंत्रतत्त्व जपणारा प्रे या धंद्यात एकटाच वाटावा असा होता. बाकीच्यांना चेहरा जुळला की पुरे होते.

चेहऱ्यावर भागवण्याची सोय फोक्सवॅगन बीटलने करून दिली. बीटलची बॉडी बोल्ट काढून उचलली की खालचा तळ इंजिन-गिअरसकट सलग, चालवण्याजोगा उरतो. त्यावर फायबरग्लासचे कवच बसवायचे. या युक्तीने १९७०च्या दशकात एमजी आणि बुगाटीची नक्कल करणारे शेकडो संच घरोघरच्या गॅरेजांत जुळवले गेले. गंमत अशी की बीटलचे इंजिन मागे. त्यामुळे एमजीसारखे लांब, पट्टे बांधलेले बॉनेट उघडले की आत पेट्रोलची टाकी आणि सामानाची जागा! समोरची रेडिएटरची जाळी निव्वळ शोभेची, कारण बीटलचे इंजिन हवेने थंड होते. पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या नकला यांहून प्रामाणिक म्हणाव्या लागतील. मूळ ३५६चाच वंश बीटलचा, आणि तिचेही इंजिन मागेच. फक्त तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ३० सेंटिमीटरने कमी. म्हणून बीटलचा तळ मधून कापायचा, तेवढा तुकडा काढायचा आणि पुन्हा वेल्डिंग करून जोडायचा.

ब्राझीलमध्ये पर्सिव्हल लाफेर या फर्निचर कारखानदाराने १९७४मध्ये असाच एमजी टीडीचा अवतार ‘एमपी लाफेर’ या नावाने बाजारात आणला. तिथे परदेशी मोटारींना दारे बंद होती आणि बीटलचे भाग गल्लोगल्ली मिळत. त्यामुळे एमपी लाफेर हा हौशी उद्योग न राहता रीतसर कारखाना झाला, आणि त्यातून चार हजारांवर गाड्या बाहेर पडल्या.

इंग्लंडमधली चाल श्रीमंती होती. रॉबर्ट जँकेल याने १९७२मध्ये सरे परगण्यात पँथर जे७२ काढली. रूप १९३०च्या दशकातल्या जॅग्वार एसएस१००चे, बॉडी हाताने ठोकलेल्या अॅल्युमिनियमची, इंजिन नव्या जॅग्वारचे. दोन वर्षांनी आलेली डे व्हिल बुगाटी रॉयालच्या थाटाची होती, पण तिची दारे ऑस्टिनच्या साध्या सलूनची. १९९६च्या ‘१०१ डाल्मेशियन्स’ चित्रपटात खलनायिका क्रुएलाची गाडी म्हणून दिसते ती हीच. १९८०मध्ये पँथरचे दिवाळे निघाले, कंपनी एका कोरियन उद्योगपतीकडे आणि पुढे साँगयाँग कंपनीकडे गेली.

तोवर नव्या मोटारींतून सुटी चासीच नाहीशी होत चालली होती. पत्र्याची बॉडी आणि सांगाडा एकसंध झाल्यावर जुनी उतरवून नवी चढवणे अशक्य झाले. जपानच्या मित्सुओकाने यावर सोपा तोडगा काढला: १९९३च्या व्ह्यूट गाडीत निसान मार्चची मधली बॉडी तशीच ठेवली आणि फक्त पुढचा-मागचा भाग जॅग्वार मार्क २सारखा केला. एक्सकॅलिबरच्या मानाने हे वेषांतर वरवरचेच.

कायद्याची अडचण निराळी. अपघात-चाचण्यांचा खर्च छोट्या कारखान्याला झेपत नाही. अमेरिकेने २०१५च्या कायद्यात अशा उत्पादकांना वर्षाला ३२५ प्रतिकृतींची सवलत दिली. अट अशी की नमुना किमान २५ वर्षे जुना हवा आणि इंजिन चालू प्रदूषण-नियमांत बसले पाहिजे. प्रत्यक्ष नियमावली यायला २०२२ उजाडले.

भारतात लग्नाच्या वरातीला भाड्याने मिळणाऱ्या ‘व्हिंटेज’ गाड्या बहुधा जीप किंवा मारुतीच्या यंत्रणेवर गॅरेजमध्ये बांधलेल्या असतात. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते, तेव्हा या गाड्या त्यात बसत नाहीत. शिवाय उत्पादकाने ठरवलेली मूळ रचना बदलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले आहे. मुंबईत मात्र जुना साज आणि नवे यंत्र हा प्रकार अधिकृतपणे रस्त्यावर आला. उच्च न्यायालयाच्या २०१५च्या निकालाने घोड्यांच्या व्हिक्टोरिया बग्ग्या बंद झाल्या, आणि मार्च २०२१मध्ये त्याच घाटाच्या, बॅटरीवर चालणाऱ्या बग्ग्या दक्षिण मुंबईत धावू लागल्या.