विज्ञप्तिपत्र : हातकागदावर उमटलेले संघाचे मनोगत

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा क्षण असतो. मागे पाहताना हाती लागतात ते प्रामुख्याने कागदच : जुन्या वह्या, निमंत्रणे, ठरावांची पाने, पिवळी पडलेली छायाचित्रे. माणसे जातात, वास्तू बदलतात आणि संस्थेची स्मृती अखेर कागदाच्या आश्रयाला येते. म्हणूनच या प्रसंगी जैन परंपरेतील एका आगळ्या कागदाची, विज्ञप्तिपत्राची, कथा सांगणे उचित वाटते.

हातकागद, शाई, रंग, सोने, कापड आणि हस्ताक्षर यांचा एकत्र उपयोग करून दैनंदिनी व संग्रहवह्या सजविण्याची आवड आज तरुण पिढीत पुन्हा रुजत आहे. कलाशाळांतून याला ‘मिश्र माध्यम’ म्हणतात. नाव नवे असले तरी रीत नवी नाही. पश्चिम भारतातील जैन संघांनी ती शतकानुशतके जोपासली. मात्र त्यांच्यासाठी सामग्रीची निवड हा केवळ हौसेचा विषय नव्हता. ज्ञानाच्या साधनांची हेळसांड म्हणजे ज्ञानाची आशातना, ही त्यामागील धारणा होती.

ताडपत्राकडून कागदाकडे

प्रारंभी श्रुत कंठस्थ होते. ग्रंथ बाळगणे हा अपरिग्रही साधूला परिग्रहच वाटे. परंतु दुष्काळांनी आणि स्मृतिभ्रंशाने श्रुताचा ऱ्हास होऊ लागला, तेव्हा लेखनाचा आश्रय घ्यावा लागला. श्वेतांबर परंपरेनुसार वीर निर्वाणानंतर ९८० (मतांतराने ९९३) वर्षांनी वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथबद्ध झाले. दिगंबर परंपरेत षट्खंडागमाच्या पूर्ततेचा दिवस ज्येष्ठ शुद्ध पंचमी हा श्रुतपंचमी म्हणून पूजिला जातो. ज्या समाजाने ग्रंथलेखनाला सणाचा मान दिला, त्याने लेखनसामग्रीचा इतका सूक्ष्म विचार करावा यात नवल नाही.

जैसलमेरच्या भांडारातील इ. स. १०६० ची ओघनिर्युक्तीची सचित्र ताडपत्रीय पोथी या चित्रपरंपरेच्या अगदी आरंभीच्या पुराव्यांत गणली जाते. ताडपत्र लांब आणि अरुंद. पाने विस्कळीत होऊ नयेत म्हणून मध्ये छिद्र पाडून दोरी ओवावी लागे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कागदाने ताडपत्राची जागा बव्हंशी घेतली. कागदाला छिद्राची गरज नव्हती, तरीही लेखकांनी पानाच्या मध्यभागी छिद्राची जागा कोरी सोडली आणि पुढे तेथे लाल, निळे वा सोनेरी वर्तुळ रेखाटले. दोरी गेली, तिची आठवण अलंकार होऊन राहिली. परंपरा कशी वाहते याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

कागदाने चित्रकारालाही ऐसपैस जागा दिली. इ. स. १४३९ चे मांडूचे कल्पसूत्र, इ. स. १४६५ चे जौनपूरचे सुवर्णाक्षरी कल्पसूत्र आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, फारसी धाटणीच्या वेलबुट्टीच्या किनारींसाठी विख्यात असलेले अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडाराचे कल्पसूत्र ही त्याची साक्ष होत.

कागद, शाई आणि विवेक

हा कागद कसा होत असे, हे जाणण्यास महाराष्ट्रीयांना दूर जावयास नको. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि पेशवाईच्या दप्तरांना कागद पुरविणारे जुन्नर ही आपल्याकडील नामांकित केंद्रे. तागाचे जुने दोर आणि गोणपाट यांचे तुकडे करून ते चुन्याच्या पाण्यात भिजवीत, ढेंकीखाली कुटीत आणि पुन्हा पुन्हा धूत. तो लगदा हौदातील पाण्यात कालवून गवताच्या काड्यांच्या चटईने एकेक ताव उचलला जाई. वाळलेल्या तावावर खळ चढवून तो गुळगुळीत दगडाने घोटला, की शाई न फुटता अक्षर ठसठशीत उमटे. युरोपात कागदाला जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या सरसाचा लेप देत. आपल्याकडे तांदळा-गव्हाची खळ वापरीत. अहिंसाव्रती समाजाला असा कागद स्वीकारणे सुकर गेले असणार. हे कागदी कारागीर बहुधा मुसलमान होते. त्यांच्या हातच्या कागदावर जैन सूत्रे लिहिली गेली, हेही विसरता येत नाही.

लेखनविधीचा शास्त्रशुद्ध वृत्तान्त मुनिश्री पुण्यविजयजींनी भारतीय जैन श्रमण संस्कृती व लेखनकला या विषयावरील आपल्या गुजराती प्रबंधात दिला आहे. साराभाई नवाब यांच्या १९३६ च्या ‘जैन चित्रकल्पद्रुम’ ग्रंथात तो प्रसिद्ध झाला. काळ्या शाईसाठी काजळ, बिजाबोळ आणि डिंक यांचा दीर्घकाळ खल करीत. ही शाई कागदाला अपाय करीत नाही. याउलट हिराकसाची शाई प्रथम गडद दिसली तरी कालांतराने कागदच खाऊन टाकते, म्हणून जाणते लेखक ती टाळीत. रंगांतही हाच विवेक लागे. तांब्यापासून होणारा जंगाल हा हिरवा रंग मनोहर खरा, परंतु अनेक जुन्या चित्रांत नेमका हिरवा भागच तपकिरी पडून तुटलेला आढळतो. हिंगुळाचा लाल आणि लाजवर्दाचा निळा मात्र पाच-सहा शतकांनंतरही ताजा वाटतो.

सोन्याचे वर्ख डिंकात घोटून, साखरेच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन सोनेरी शाई सिद्ध होई. लिहून वाळलेली अक्षरे अकिकाने घोटली की ती झळाळू लागत. ओळी आखण्यासाठी पाटीवर समान अंतरावर दोरे ताणलेले ‘ओलियुं’ हे साधन असे. त्यावर कागद दाबला की शाईचा थेंबही न सांडता रेघा उमटत. अक्षर चुकले तर खाडाखोड न करता त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन नवे अक्षर लिहीत. केलेल्या कामावर ‘हरताळ फासणे’ हा आपल्या मराठीतील वाक्प्रचार पोथी-लेखकाच्या या रीतीतून आला आहे. आज तो नाशाचा अर्थ सांगतो, पण मुळात ते शुद्धीचे साधन होते.

संघाचे चित्रमय पत्र

पोथीसाठी सिद्ध झालेली ही सर्व कौशल्ये विज्ञप्तिपत्रात एकवटली. विज्ञप्ती म्हणजे विनंती. दूरच्या नगरीतील आचार्यांनी आगामी चातुर्मास आपल्या गावी करावा, अशी प्रार्थना करणारे आणि सांवत्सरिक क्षमापना कळविणारे हे पत्र संघाच्या वतीने पाठविले जाई. कागदाचे ताव एकास एक चिकटवून लांबलचक पट तयार करीत. काहींना मागून कापडाचा आधार देत आणि मग त्याची गुंडाळी होई.

पट उलगडताना प्रथम पूर्णकुंभ, अष्टमंगल, चौदा स्वप्ने अशी मंगलचिन्हे दिसतात. मग गाव सुरू होते : वेस, बाजारपेठ, हलवाई आणि वस्त्रांचे व्यापारी, देवालये आणि मशिदी, हत्ती-घोडे, विहिरी, उद्याने आणि अखेर उपाश्रयात व्याख्यान देणारे मुनिराज. जणू संघ आचार्यांना हाताला धरून आपल्या गावातून फिरवीत आहे. चित्रांनंतर मजकूर येतो. त्यात गुरूंची स्तुती असते, नगराचे वर्णन असते, पर्युषणात किती उपवास झाले, कोणती धर्मकार्ये पार पडली याचा वृत्तान्त असतो, क्षमायाचना असते आणि शेवटी संघातील श्रावकांच्या सह्या असतात. चित्रकाराची कुंचली, सुलेखनकाराचा बोरू आणि व्यापाऱ्याची घाईची सही, सारे एकाच पटावर.

साधुवर्गानेही या प्रकाराला काव्यरूप दिले. सतराव्या शतकातील विनयविजयजींच्या ‘इंदुदूतम्’ मध्ये जोधपूरहून सुरतेस असलेल्या गुरूंकडे चंद्रालाच दूत करून पाठविले आहे.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध पट इ. स. १६१० चा, आग्ऱ्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरींना पाठविलेला. त्यांचे गुरू हीरविजयसूरी १५८३ मध्ये अकबराला भेटले होते आणि जीवदयेची फर्माने त्यांनी मिळविली होती. जहांगीरच्या कारकीर्दीत पर्युषणातील पशुवधबंदीचे फर्मान पुन्हा निघाले. तो प्रसंग बादशाही चित्रशाळेशी संबंधित उस्ताद शालिवाहनाने या पटावर चितारला. दरबारात बसलेला जहांगीर, फर्मान स्वीकारणारे मुनी, नगरात फिरणारी दवंडी आणि दूर आचार्यांसमोर तीच वार्ता निवेदन करण्याचा प्रसंग, हे सारे त्यात आहे. फर्मान हा राज्यकर्त्याचा हुकूम; तो मिळाल्याने सामान्य माणसांना झालेला आनंद मात्र या पत्राने जपला. अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई संग्रहातील हा पट म्हणूनच इतिहासाचेही साधन ठरला आहे. डॉ. हीरानंद शास्त्री यांनी अशा पत्रांचा अभ्यास १९४२ मध्ये बडोद्याहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि विद्वानांचे लक्ष या विषयाकडे वेधले.

खंड आणि पुनरुज्जीवन

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला, टपाल आले आणि यंत्रनिर्मित स्वस्त कागदही आला. विनंती राहिली, परंतु चित्रपट संपले. अनेक पोथ्यांची पाने सुटी करून केवळ चित्रांसाठी विकली गेली. चित्र एका देशात आणि त्याचा मजकूर दुसऱ्या देशात, अशी त्यांची गत झाली. कागदी कारागिरांची घरेही एकामागून एक बंद पडली.

हातकागद पुन्हा उभा राहिला तो ग्रामोद्योगाच्या चळवळीतून. महात्मा गांधींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी या कलेचा अभ्यास केला आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. पुण्यात घडलेल्या या कागदाला लवकरच एक अपूर्व मान मिळाला. भारतीय राज्यघटनेच्या हिंदी हस्तलिखित प्रतीचे सुलेखन वसंत कृष्ण वैद्य यांनी केले, ते पुण्याच्या हातकागदावर. नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनातील सहकाऱ्यांनी सजविलेल्या घटनेच्या पानांत भगवान महावीरांचेही चित्र आहे. मुद्रणयुगात, स्वतंत्र राष्ट्राने आपली सर्वोच्च संहिता किनारी, चित्रे, सुलेखन आणि सह्यांसह हाताने लिहून घ्यावी, हे विज्ञप्तिपत्राच्या परंपरेशी नाते सांगणारेच नव्हे काय?

आपले कर्तव्य

आज चातुर्मासाची विनंती भ्रमणध्वनीवरून क्षणात पोहोचते, आणि क्षणात पुसलीही जाते. गावोगावच्या संस्थांच्या कपाटांत मात्र जुन्या वह्या, पत्रे आणि पोथ्या अजून आहेत. त्यांना चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे कायम आवरण चढवू नये, त्यांवर बॉलपेनने क्रमांक घालू नयेत. सुती वस्त्रात बांधून, दमट हवा आणि थेट ऊन टाळून त्या ठेवाव्यात. आपल्या पूर्वजांनी ज्ञानभांडारांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या, त्या अनुभवातूनच. ज्ञानपंचमी वा श्रुतपंचमीला पोथ्या उघडून, झटकून, नव्याने बांधण्याची प्रथा केवळ पूजेपुरती उरू नये. तो वार्षिक तपासणीचा दिवस होता, हे ओळखावे.

याबरोबरच एक नवे व्रतही घेता येईल. प्रत्येक संघाने वर्षाकाठी एक पान हातकागदावर, टिकाऊ काळ्या शाईने लिहावे. वर्षभरातील तपस्या, दान, दुःखे आणि चुकांची क्षमायाचना त्यात असावी. मुलांनी त्याभोवती आपल्या गावाचे चित्र काढावे आणि लहानथोरांनी खाली सह्या कराव्यात. खर्च किरकोळ आहे, श्रम थोडे आहेत. पन्नास वर्षांनी अशी पन्नास पाने जोडली, तर तो पट कोणत्याही अहवालाहून अधिक सत्य सांगेल.

आग्ऱ्याच्या श्रावकांची नावे आज आपल्याला ठाऊक नसतील. पण चारशे वर्षांपूर्वी त्यांच्या मनात काय होते, हे आपण जाणतो. ते त्यांनी नीट घोटलेल्या कागदावर, निवडलेल्या रंगांनी आणि सर्वांनी मिळून लिहून ठेवले, म्हणूनच.