हस्तव्यवसाय, रस्ता आणि नागरिकत्व : सॅन फ्रान्सिस्कोतील कॅस्ट्रो स्ट्रीटची जत्रा

प्रस्तावना

समलिंगी समुदायाच्या हक्कांच्या चळवळीचा इतिहास बहुधा मोर्चे, न्यायालयीन निकाल आणि निवडणुका यांच्या आधारे लिहिला जातो. हाताने घडविलेली वस्तू रस्त्यावर मांडून विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला त्या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात १९७४ साली सुरू झालेली कॅस्ट्रो स्ट्रीटची जत्रा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तेथील समुदायाला कायद्याने मान्यता देण्यापूर्वी बाजाराने दिली. मात्र त्या मान्यतेची किंमतही बाजाराने वसूल केली आणि ती प्रथम हस्तव्यवसायाने मोजली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

व्यापारी संघ आणि जत्रेचा प्रारंभ

कॅस्ट्रो स्ट्रीटचा परिसर पूर्वी युरेका व्हॅली या नावाने ओळखला जाई. तेथे प्रामुख्याने आयरिश वंशाच्या कॅथलिक कामगार कुटुंबांची वस्ती होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबे हळूहळू उपनगरांकडे सरकली. त्यांनी मागे सोडलेली व्हिक्टोरियन धाटणीची जुनी लाकडी घरे स्वस्तात मिळू लागली आणि १९७० च्या सुमारास समलिंगी तरुण मोठ्या संख्येने तेथे येऊन राहू लागले. वस्ती बदलली, पण बाजारपेठेची सूत्रे जुन्या व्यापाऱ्यांच्याच हाती राहिली. दोघा समलिंगी पुरुषांनी जुन्या वस्तूंचे दुकान थाटण्याचे ठरविले, तेव्हा युरेका व्हॅली व्यापारी संघाने त्यांना रोखण्याचा प्रयत्न केला. हार्वे मिल्क यांनी १९७३ साली कॅस्ट्रो स्ट्रीटवरच छायाचित्रणाच्या साहित्याचे दुकान उघडले होते. त्यांनी व इतर काही दुकानदारांनी या प्रकरणानंतर ‘कॅस्ट्रो व्हिलेज असोसिएशन’ ही स्वतंत्र संघटना स्थापन केली.

ऑगस्ट १९७४ मध्ये या संघटनेने जत्रा भरविली. हेतू सरळ होता : परिसरात गिऱ्हाईक यावे. पाच हजारांहून अधिक लोक आले. विरोधी गटातील काही जुन्या व्यापाऱ्यांचा त्या एका दिवशी झालेला धंदा त्याआधीच्या कोणत्याही दिवसापेक्षा अधिक होता, अशी नोंद मिल्क यांच्या चरित्रविषयक लेखनात आढळते. ज्यांना शेजारी म्हणून स्वीकारणे जड जात होते, त्यांना गिऱ्हाईक म्हणून नाकारणे या व्यापाऱ्यांना परवडले नाही. या घटनेत थोडा विनोद आहे खरा, परंतु तिचे राजकीय मोल मिल्क यांनी अचूक ओळखले. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे हेच जाळे पुढे त्यांच्या निवडणूक प्रचाराचा पाया ठरले. नोव्हेंबर १९७७ मध्ये ते शहराच्या पर्यवेक्षक मंडळावर निवडून आले.

या जत्रेचे धाडस कळण्यासाठी तत्कालीन कायदा ध्यानात घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध १ जानेवारी १९७६ पासून गुन्हा राहिले नाहीत. म्हणजे १९७४ च्या जत्रेत पाल ठोकून बसलेला समलिंगी विक्रेता कायद्याच्या दृष्टीने संभाव्य गुन्हेगारच होता. तोवर या समुदायाच्या एकत्र येण्याच्या जागा मुख्यतः मद्यालये होत्या. रात्रीचा अंधार, पोलिसांच्या धाडींची टांगती तलवार आणि खोटे नाव सांगण्याची सवय यांनी ते जग व्यापलेले होते. जत्रा दिवसाउजेडी, भर रस्त्यात भरत होती. त्यातही हाताने वस्तू घडविणाऱ्याची स्थिती दुकानदाराहून वेगळी असते. दुकानदार मालाच्या आड राहू शकतो. स्वतः घडविलेली वस्तू विकणाऱ्याला मात्र, ही कोणी केली, या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. वस्तूबरोबर तिचा कर्ताही ओट्यावर मांडला जातो. ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग स्वतःला लपविण्यात घालविला, त्यांच्यासाठी ही साधी देवघेव किती अवघड आणि किती मोलाची असेल, याची कल्पना करता येते.

ही जत्रा सर्वसमावेशक होती काय? तत्त्वतः कोणालाही मज्जाव नव्हता. तथापि कॅस्ट्रो हा मुख्यतः गोऱ्या पुरुषांचा परिसर होता, हे नाकारता येत नाही. समलिंगी स्त्रियांची दुकाने व संस्था जवळच्याच व्हॅलेन्सिया स्ट्रीटच्या आसपास उभ्या राहिल्या. त्याच भागात १९७९ साली स्त्रियांच्या संस्थांसाठी ‘विमेन्स बिल्डिंग’ ही वास्तू खरेदी करण्यात आली. तिच्या निधीसाठी स्त्री-कारागिरांचा स्वतंत्र वार्षिक मेळा अनेक वर्षे भरत असे. एका जत्रेत सर्व सामावले नाहीत, म्हणून दुसरी उभी राहिली.

ध्वजाचे पट्टे

हस्तव्यवसाय आणि बाजार यांच्यातील ताण सर्वाधिक स्पष्टपणे दिसतो तो याच शहरात जन्मलेल्या इंद्रधनुषी ध्वजाच्या बाबतीत. २५ जून १९७८ च्या मिरवणुकीसाठी गिल्बर्ट बेकर आणि सुमारे तीस स्वयंसेवकांनी समुदाय केंद्राच्या माळ्यावर दोन प्रचंड ध्वज तयार केले. साधे सुती कापड कचऱ्याच्या मोठ्या पिंपांत रंगविण्यात आले. रंगकामाची जबाबदारी लिन सेगरब्लॉम यांनी आणि शिवणकामाची जेम्स मॅकनमारा यांनी मुख्यत्वे सांभाळली. रंगविलेले कापड खळबळण्यासाठी सार्वजनिक धुलाईकेंद्रातील यंत्रे रात्री उशिरा वापरावी लागली, कारण तेथे रंगीत कापड आणण्यास मनाई होती! पट्टे आठ होते व प्रत्येकाला बेकर यांनी एकेक अर्थ दिला होता. सर्वांत वरचा पट्टा गडद गुलाबी होता.

२७ नोव्हेंबर १९७८ रोजी मिल्क व महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची हत्या झाली आणि ध्वजाची मागणी एकाएकी वाढली. पॅरामाउंट फ्लॅग कंपनी ध्वज विकू लागली. गडद गुलाबी रंगाचे तयार कापड बाजारात सहज मिळत नव्हते, म्हणून तो पट्टा गळाला. १९७९ साली मार्केट स्ट्रीटवरील दिव्यांच्या खांबांवर ध्वज उभे टांगायचे ठरले. सात पट्ट्यांपैकी मधला खांबाआड जाऊ लागल्याने पट्ट्यांची संख्या सम करण्यासाठी आणखी एक पट्टा वगळण्यात आला. आज जगभर सर्वपरिचित असलेले सहा पट्टे हे असे घडले. १६ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानातून निघालेल्या पदयात्रेत फडकलेल्या ध्वजामागेही हाच कापडाच्या उपलब्धतेचा इतिहास आहे. पिंपात हाताने रंगविताना हवा तो रंग साधता येतो. ठोक उत्पादनात गिरणीकडे असेल तोच घ्यावा लागतो. बेकर यांनी ध्वजावर कधीही मालकी हक्क सांगितला नाही. त्यामुळे तो सर्वांचा झाला, आणि पुढे मोठ्या कंपन्यांनाही तो विनामूल्य वापरता आला.

अर्थात प्रत्येक हस्तकृती बाजारात आली असे नाही. एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ क्लीव्ह जोन्स यांनी याच परिसरातून १९८७ साली गोधडीचा उपक्रम सुरू केला. तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे साधारण थडग्याएवढा, एकेक तुकडा आप्तस्वकीयांनी शिवून दिला. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टन येथे ती अंथरली गेली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. यांपैकी एकही विक्रीसाठी नव्हता. एकाच पेठेतील कारागिरी एकीकडे ओट्यावर मांडली जात होती, तर दुसरीकडे तिला किंमतच नव्हती.

मूळच्या दोन्ही ध्वजांचा माग अनेक दशके लागत नव्हता. त्यांपैकी एकाचा तुकडा पुढे सापडला आणि २०२१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटीकडे आला. तो तेथील संग्रहालयात काचेआड ठेवण्यात आला. त्यावर बाजाराने वगळलेला गडद गुलाबी पट्टा अजून आहे. संग्रहालयाची ही जागा कॅस्ट्रो परिसरातच, जत्रा भरते तेथून चालत जाण्याच्या अंतरावर होती.