धनुष्याची दोरी केव्हा बदलावी?

आजचा विषय फलकावर वाचून दोघातिघांनी मला दारातच अडवलं. 'सर, तत्त्वज्ञान सोडून हे धनुष्यबाण कधी हाती घेतलंत?' तर, तत्त्वज्ञान सोडलेलं नाही. शिकारीच्या धनुष्याची दोरी केव्हा बदलावी, हा प्रश्न दिसायला कारागिराचा आहे. पण त्याच्या पोटात ज्ञानाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. आज चांगलं चाललेलं साधन उद्या दगा देणार, हे आजच कसं ओळखायचं? आणि नेमकं ओळखता येत नसेल, तर वागायचं कसं? माणसांनी याची उत्तरं कशी शोधली, ते आज पाहू.

सुरुवात एका आठवणीनं करतो. १९७८-७९ च्या सुमारास मी खानदेशात शिकवत होतो. विद्यार्थ्यांबरोबर सातपुड्यात, धडगावच्या बाजूला गेलो असताना एका भिल्ल म्हाताऱ्यांच्या घरी थांबलो. शिकारीचे दिवस तेव्हाच सरले होते, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आलेला होता; पण तिरकमठा घरात होता, शेतराखणीला आणि सणावाराला. भिल्लांच्या धनुष्याची दोरी सुताची नसते. बांबूच्या पाठीची लांब चिवट पट्टी काढून तीच दोरी म्हणून चढवतात. बाबांनी त्या पट्टीवरून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवलं, एका जागी थांबले, ती कानाजवळ नेऊन टणत्कार ऐकला आणि सरळ विळ्यानं कापून टाकली. मला तर ती धडधाकट दिसत होती. मी म्हटलं, "बाबा, चांगली होती की!" ते म्हणाले, "मास्तर, तुटल्यावर कळून काय उपयोग?"

या एका वाक्यात आजचं निम्मं व्याख्यान आहे. उरलेलं निम्मं मी सांगतो.

आधी दोरी तुटते म्हणजे काय होतं, ते समजून घेऊ. धनुष्य ओढलं की आपल्या हातांची ताकद त्याच्या वाकलेल्या दोन्ही पात्यांत साठते. दोरी सोडली की त्यातली बरीचशी बाण घेऊन जातो. पातं पुढे झेपावतं आणि दोरी ताठ होऊन त्याला एकदम थांबवते. दोरीवर जबर ताण येतो तो इथं, बाण सुटतानाच्या त्या झटक्यात. त्याच क्षणी ती तुटली, तर पात्यांना आवरायला कुणी उरत नाही. लाकूड स्वतःच्याच जोरानं चिरतं, कधी मोडतं. दोरी दोन दमड्यांची, पण जाते ती धनुष्याला घेऊन.

आपल्या प्राचीन लोकांना हे पक्कं माहीत होतं. शतपथ ब्राह्मणाच्या चौदाव्या कांडात एक विलक्षण कथा आहे. विष्णू ताणलेल्या धनुष्याच्या टोकावर मस्तक टेकवून उभा होता. देवांची त्याच्यापुढे जायची हिंमत होईना. तेव्हा वाळवीनं त्यांना विचारलं, दोरी कुरतडली तर काय द्याल? अन्न देऊ, वाळवंटातही तुला पाणी सापडेल, असं देव म्हणाले. वाळवीनं दोरी कुरतडली, धनुष्याची टोकं उसळून सुटली आणि विष्णूचं मस्तक उडालं. कथेचा याज्ञिक अर्थ वेगळा आहे. तो आज बाजूला ठेवू. पण कथा रचणाऱ्यानं ताणलेलं धनुष्य आणि त्याची खाल्लेली दोरी जवळून पाहिली होती, यात मला शंका वाटत नाही. देवाला शत्रूच्या शस्त्रानं इजा झाली नाही. कुणाचं लक्ष नसलेल्या दोरीनं केली.

या कथेकडून कौटिल्याच्या अर्थशास्त्राकडे आलं, की कथेची जागा व्यवस्था घेते. दुसऱ्या अधिकरणात शस्त्रागाराच्या अध्यक्षावर एक प्रकरण आहे. दोऱ्या कशाच्या कराव्यात, याची यादीच तिथं आहे: मूर्वा, रुई, ताग, गवेधु नावाचं गवत, वेणू म्हणजे बांबू, आणि जनावराचे स्नायुतंतू. त्या यादीतला बांबू सातपुड्यातल्या बाबांच्या हातात मी पाहिला! पण माझ्या दृष्टीनं त्याच प्रकरणातली दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. शस्त्रांच्या जागा वारंवार बदलाव्यात, त्यांना ऊन-वारा द्यावा. उष्णता, ओल आणि कीड यांनी जे खराब होत असेल ते वेगळ्या रीतीनं ठेवावं. म्हणजे दोरी वापरानं झिजते तशी नुसती ठेवूनही झिजते. 'वापरलीच नाही, म्हणजे नवीच आहे' ही समजूत चुकीची, हे कौटिल्याला कळलं होतं.

आता तत्त्वज्ञानाकडे वळतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मिलेटसचा युबुलिडीस नावाचा एक विचारवंत होऊन गेला. ढिगाचा विरोधाभास त्याच्या नावावर सांगतात. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला, तर ढीग ढीगच राहतो. आणखी एक काढला, तरी राहतो. मग तो ढीग नाहीसा होतो कितव्या दाण्याला? दोरीचंही तसंच. एक तंतू तुटला, दोरी चालतेय. दुसरा तुटला, अजून चालतेय. प्रत्येक वेळी 'एकानं काय होतंय?' हे म्हणणं खरंच असतं आणि तरीही शेवटी दोरी तुटते. चांगली दोरी आणि वाईट दोरी यांच्यामध्ये निसर्गानं रेघ मारलेली नाही. ती रेघ आपल्याला मारावी लागते, आणि ती अलीकडे मारावी लागते.

ही रेघ कुठं मारायची, याचा स्पष्ट विचार मला एका इंग्रज पंडिताच्या पुस्तकात सापडला. रॉजर अॅस्कम. पुढे राणी झालेल्या एलिझाबेथचा हा शिक्षक. १५४५ मध्ये त्याचं 'टॉक्सोफिलस' हे धनुर्विद्येवरचं संवादरूप पुस्तक निघालं. तो म्हणतो, जाड दोरी धनुष्याला सुरक्षित पण बाणाला संथ. बारीक दोरी बाण लांब फेकते पण भरवशाची नाही. घेणाऱ्याला दोरीच्या आतलं दिसत नाही, त्याला वळणाऱ्यावर विश्वास टाकावा लागतो. आणि दोरी झिजायला लागली, की टाकून द्यावी. त्याचा हिशेब साधा आहे: वाचते ती अर्धी पेनी, जातो तो एक क्राउन. क्राउन म्हणजे ६० पेनी, म्हणजे एकास एकशे वीस! दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत सारखी नसते, हे एकदा मान्य केलं की नेमका क्षण कळलाच पाहिजे हा हट्ट सुटतो. लवकर बदलण्याची चूक परवडते, उशिराची परवडत नाही.

योगायोग पाहा. त्याच १५४५ साली इंग्लंडचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज बुडालं. १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढला. त्या अवशेषांत शंभराहून अधिक धनुष्यं मिळाली, हजारो बाण मिळाले. दोऱ्या मात्र समुद्रानं खाऊन टाकल्या. इतिहासात लाकूड उरतं, लोखंड उरतं. ज्याच्यावर सगळं अवलंबून होतं ते उरत नाही. म्हणून दोरीचा इतिहास असा कथांतून गोळा करावा लागतो.

पण थांबा. लवकर बदलली म्हणजे निर्धास्त झालो का? इथं होमर आपल्याला जमिनीवर आणतो. ओडिसीमध्ये ओडिसिअस वीस वर्षांनी आपलं धनुष्य हातात घेतो, तेव्हा ते सगळीकडून फिरवून पाहतो, कीड लागली नाही ना म्हणून. मग दोरी चढवून छेडतो आणि ती पाकोळीसारखी गाते. आमचे बाबा कानाशी नेऊन हेच ऐकत होते! पण इलियडच्या पंधराव्या सर्गात ट्यूसर हेक्टरवर नेम धरतो आणि त्याची दोरी तुटते. ती जुनी होती का? नाही. तो स्वतःच सांगतो, की त्याच सकाळी नवी चढवली होती. होमर म्हणतो झ्यूसनं तोडली. आपण म्हणू, नव्या दोरीतही न दिसणारा दोष असू शकतो. शहाणपणाचा प्रत्येक नियम पाळूनही अपयश येतं. म्हणून नियम खोटा ठरत नाही. तो पुरेसा नाही, एवढंच ठरतं.

मग आणखी काय हवं? उत्तर आल्प्सच्या बर्फात मिळालं. १९९१ मध्ये तिथं सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला, ज्याला ओट्झी म्हणतात. त्याचं यू लाकडाचं १.८२ मीटर लांबीचं धनुष्य अर्धवट घडवलेलं होतं. भात्यात १४ बाण, त्यातले तयार फक्त दोन. पण त्याच भात्यात जनावराच्या तंतूंची पिळलेली दोरी गुंडाळून ठेवली होती. संशोधक ती धनुष्याचीच मानतात. धनुष्य तयार नाही, बाण तयार नाहीत, दोरी मात्र वळून, ओलीपासून जपून जवळ ठेवलेली.

आजच्या धनुर्धरांच्या दोऱ्या कृत्रिम धाग्यांच्या असतात, पण तपासणी तीच. तंतू फुसफुशीत दिसू लागले की मेण लावायचं. एक जरी पेड तुटला, बाण अडकवायच्या जागेवरचं वेष्टण सरकलं, टोकाच्या फासापाशी झीज दिसली, की दोरी बदलायची. दोरी ताणून लांब झाली, की धनुष्य आणि दोरीमधलं अंतर कमी होतं आणि बाण भरकटतो.

आणि हे भरकटणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अॅस्कमच्या हिशेबात धनुष्य आहे, पैसा आहे; त्यात जनावर नाही. थकलेल्या दोरीचा बाण जिवावर बसत नाही, मांडीत किंवा पोटात घुसतो. जनावर रानात शिरतं आणि दोन दिवस तडफडून मरतं, शिकाऱ्याला न दिसता. आजउद्या करण्याचा निर्णय माझा, पण भोगणार दुसराच. आपल्या आयुष्यातल्या बहुतेक जुन्या दोऱ्यांचं असंच असतं: बसचे ब्रेक, इमारतीची वायर, आणि हो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या मास्तरांचं खुर्चीला चिकटून राहणंही. चालतंय तोवर चालू दे, असं म्हणणाऱ्याला बहुधा काही होत नाही.

म्हणून बाबांच्या वाक्यात मी एका शब्दाची भर घालतो. तुटल्यावर कळून काय उपयोग, आणि कुणाला? यावर तुमचे प्रश्न असतील, ते आता घेऊ.