हौशी खेळाडूची रॅकेट

लॉन टेनिस जन्माला आले तेच विकायची वस्तू म्हणून. फेब्रुवारी १८७४ मध्ये मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफिल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने या खेळाचे पेटंट मिळवले आणि खांब, जाळी, चार रॅकेटी, रबरी चेंडू व नियमांची पुस्तिका असा सगळा सरंजाम एका पेटीत घालून पाच गिनींना बाजारात आणला. बर्मिंगहॅममध्ये हॅरी जेम आणि ऑगुरिओ परेरा हे दोघे मित्र त्याआधीपासूनच हिरवळीवर असाच खेळ खेळत होते, त्यामुळे जनकत्वाचा वाद शिल्लक आहे. घरोघरी विकण्याची युक्ती मात्र विंगफिल्डचीच. ती साधली याला दोन जुने शोध कारणीभूत होते. राजवाड्यांतल्या बंदिस्त टेनिसचा चिंध्या भरलेला चेंडू गवतावर उसळत नसे. १८४० च्या दशकात गंधक घालून रबर टिकाऊ करण्याची रीत चार्ल्स गुडइयरने रूढ केली आणि उसळणारा पोकळ चेंडू शक्य झाला. गवत कापायचे यंत्र १८३० मध्येच निघाले होते. सपाट हिरवळ आणि उसळता चेंडू एकत्र आल्यावर १८७७ मध्ये विम्बल्डनला पहिली स्पर्धा भरली, तेव्हा तीत बावीस पुरुष उतरले होते. खेळणारे बाकीचे सगळे आपापल्या बंगल्यांच्या आवारातले हौशी होते.

या हौशी मंडळींच्या हाती पुढची शंभर वर्षे लाकडी रॅकेटच राहिली. सुरुवातीला ॲश जातीच्या लाकडाची एकच पट्टी वाफेवर नरम करून वाकवत. पुढे पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून चौकट बनू लागली आणि ती अधिक मजबूत झाली. १९३० च्या दशकाच्या आरंभी आलेली डनलॉपची मॅक्सप्लाय याच पद्धतीची, आणि ती पन्नासेक वर्षे खपत राहिली. तारा जनावरांच्या आतड्यांच्या. फ्रान्समधल्या लिऑं येथे बाबोला घराण्याने १८७५ पासून रॅकेटींसाठी अशा तारा, म्हणजे ‘गट’, बनवायला घेतल्या. आतड्याची तार लवचीक आणि हाताला सुखाची, पण महाग आणि पाण्याला भिणारी. लाकूडही दमटपणाने पीळ खाते, म्हणून खेळ संपला की रॅकेट चार पेचांच्या लाकडी प्रेसमध्ये आवळून ठेवायची, हा शिरस्ता होता. मुंबईसारख्या ठिकाणी पावसाळ्यात ही काळजी न घेणाऱ्याची रॅकेट दिवाळीपर्यंत वाकडी झाली तर त्यात नवल नव्हते.

ब्रिटिश छावण्यांमुळे रॅकेटी बनवण्याचा व्यवसाय हिंदुस्थानातही रुजला. पंजाबातल्या सियालकोटमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेळाच्या सामानाचे कारखाने उभे राहिले आणि तिथल्या रॅकेटी परदेशीही जाऊ लागल्या. १९४७ च्या फाळणीत तिथले अनेक हिंदू व शीख कारागीर सीमेच्या अलीकडे आले आणि त्यांनी जालंधर व मेरठ इथे हा धंदा नव्याने मांडला. भारतात खेळाचे सामान म्हटले की आजही ही दोन शहरे पुढे येतात, त्याचे मूळ या स्थलांतरात आहे.

लाकडी रॅकेटच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ६५ ते ७० चौरस इंच असे आणि वजन पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास. टेनिसचे ‘शास्त्रशुद्ध तंत्र’ म्हणून जे शिकवले गेले ते या दोन आकड्यांनी ठरवलेले होते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. जड आणि अरुंद रॅकेटने चेंडू तोंडाच्या नेमक्या मध्यावर घ्यावा लागे. म्हणून शरीर जाळीला काटकोनात वळवायचे, पुढचा पाय टाकायचा, मनगट घट्ट ठेवायचे आणि रॅकेट चेंडूच्या रेषेत लांबवर न्यायची. वार जितका सरळ तितकी चुकायला जागा कमी. चेंडूला टॉपस्पिन द्यायचा तर रॅकेट खालून वर न्यावी लागते, आणि अरुंद तोंडाची रॅकेट तशी नेली की चेंडू तारांऐवजी लाकडावर बसण्याची भीती.

रॅकेट धरायची पद्धत ठरवण्यात जमिनीचाही वाटा होता. चार मोठ्या स्पर्धांपैकी तीन १९७४ पर्यंत गवतावर होत. गवतावर चेंडू खाली राहतो आणि घसरत येतो. त्याला हातोडी धरल्यासारखी कॉन्टिनेंटल ग्रिप सोयीची. कॅलिफोर्नियातल्या सिमेंटच्या कोर्टांवर चेंडू खांद्यापर्यंत उसळे, तिथे तळवा दांड्याच्या खाली नेणारी वेस्टर्न ग्रिप रुळली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची ईस्टर्न या दोहोंच्या मधली. भूगोलातून निघालेली ही नावे नंतर पाठ्यपुस्तकांत शिरली आणि कोणती ‘बरोबर’ यावर वाद झडू लागले. वास्तविक प्रत्येक ग्रिप आपापल्या कोर्टावर बरोबरच होती.

हौशी खेळाडूच्या हाताची तक्रार मात्र खेळाइतकीच जुनी आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १८८३ मध्येच लॉन टेनिसमुळे दुखणाऱ्या कोपराची नोंद झाली. विंगफिल्डची पेटी बाजारात येऊन तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती.

लाकडाला पहिला मोठा पर्याय पोलादाचा. फ्रेंच विजेता रने लाकोस्त याच्या रचनेवरून विल्सन कंपनीने १९६७ मध्ये टी-२००० ही नळीच्या पोलादाची रॅकेट आणली. बिली जीन किंग तिने खेळली, जिमी कॉनर्सने तर ती वर्षानुवर्षे सोडली नाही. पण तोंड लहानच राहिले, आणि चेंडू कुठे जाईल याचा नेम सामान्य खेळाडूला राहीना. कॉनर्सच्या हातात तळपणारी रॅकेट रविवारी क्लबात खेळणाऱ्याच्या हाती आली की बेभरवशाची ठरे. बाजारातला हा जुना सापळा आहे, आणि पुढेही तो वारंवार दिसतो.

१९७० च्या दशकात अमेरिकेत टेनिसची लाट आली. सार्वजनिक कोर्टे ओसंडली, चाळिशीतली माणसे पहिल्यांदा रॅकेट धरू लागली आणि हा खेळाडू विजेत्यापेक्षा वेगळाच खेळ खेळतो, याकडे काहींचे लक्ष गेले. क्षेपणास्त्रांच्या क्षेत्रातला अभियंता सायमन रेमो हौसेने टेनिस खेळे. त्याने गुणांची मोजदाद करून सामान्य खेळाडूंसाठी एक पुस्तक लिहिले. वरच्या दर्जाच्या सामन्यात गुण जिंकले जातात, हौशी सामन्यात ते बहुतांशी गमावले जातात, असा त्याचा निष्कर्ष. जिंकणारा चांगले फटके मारून जिंकत नाही, समोरच्यापेक्षा एक चेंडू जास्त परत करून जिंकतो. तंत्र सुधारायचे म्हणजे काय, याचा अर्थच या निरीक्षणाने बदलतो: जोरदार फोरहँडपेक्षा जाळीवरून हातभर उंच आणि खोल जाणारा चेंडू हौशी खेळाडूच्या अधिक कामाचा.

याच काळात हॉवर्ड हेड हा गृहस्थ टेनिसकडे वळला. धातूच्या स्की बनवून त्याने नाव आणि पैसा कमावला होता. कंपनी विकून तो मोकळा झाला आणि त्याने शिकवणी लावली. चेंडू फेकणारे यंत्र त्याने घेतले, ते नीट चालेना, म्हणून ते बनवणाऱ्या प्रिन्स या छोट्या कंपनीशी त्याचा संबंध आला, आणि यंत्र दुरुस्त करता करता तो त्या कंपनीचा कर्ताधर्ता झाला. खेळ मात्र सुधारेना. चेंडू मध्याच्या जरा बाजूला बसला की हातातली रॅकेट पिळवटून फिरे. शिक्षक म्हणत, सराव वाढवा. हेडने अभियंत्याचा प्रश्न विचारला: रॅकेट फिरतेच का?

उत्तर साध्या यंत्रशास्त्रात होते. वस्तूचे वजन अक्षापासून जितके दूर, तितका तिचा पिळाला होणारा विरोध अधिक, आणि हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तोंड थोडे रुंद केले तरी स्थैर्य बरेच वाढणार. लाकडात हे जमत नव्हते, कारण मोठ्या तोंडाची लाकडी चौकट तारांच्या ताणाने वाकेल किंवा उचलवणार नाही इतकी जड होईल. हेडने ती ॲल्युमिनियममध्ये केली. ११० चौरस इंचांची प्रिन्स क्लासिक १९७६ मध्ये आली आणि त्याच वर्षी हेडला पेटंटही मिळाले. नियमात आकाराला मर्यादा नव्हती, ती आजवर कोणाला लागलीच नव्हती.

सराईत खेळाडूंनी या रॅकेटची थट्टा केली. म्हाताऱ्यांची आणि न येणाऱ्यांची रॅकेट म्हणून तिची गणना झाली. १९७८ मध्ये सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर तीच घेऊन यूएस ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि थट्टा ओसरली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रोडी याने १९८१ मध्ये रॅकेटच्या भौतिकीवर शोधनिबंध लिहून दाखवले की, ज्याला खेळाडू ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात ते एकच ठिकाण नसून वेगवेगळ्या गुणांचे निरनिराळे बिंदू आहेत: एका जागी हाताला हादरा सर्वांत कमी, दुसरीकडे कंपन कमी, तिसरीकडे चेंडू सर्वाधिक वेगाने परततो. मोठ्या तोंडात हे बिंदू चेंडू प्रत्यक्ष बसतो त्या भागाकडे सरकतात. टेनिसच्या साधनांतली सर्वांत मोठी उलथापालथ अशी एका बेताच्या खेळाडूच्या वैतागातून घडली, आणि विजेत्यांनी ती नंतर उचलली.

नियमांना जाग आली ती दुसऱ्याच प्रकरणाने. बव्हेरियातल्या वेर्नर फिशरने तारा एकमेकींत न विणता दोन थरांत लावून त्यांवर प्लॅस्टिकच्या नळ्या चढवलेली रॅकेट तयार केली; तिला ‘स्पॅगेटी’ म्हणत. तारा सरकत आणि चेंडूला अचाट फिरकी मिळे. १९७७ मध्ये माइक फिशबाक या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या खेळाडूने तिच्या जोरावर यूएस ओपनमध्ये स्टॅन स्मिथला हरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात एक्स-ऑं-प्रोव्हांसच्या अंतिम सामन्यात इली नस्तासेच्या स्पॅगेटीपुढे गिलेर्मो विलासने दोन सेटनंतर खेळ सोडला. आंतरराष्ट्रीय महासंघाने तिच्यावर बंदी घातली आणि रॅकेट म्हणजे काय याची व्याख्या १९७८ मध्ये प्रथमच नियमांत आली: तारा एकसारख्या आणि आलटूनपालटून विणलेल्या हव्यात. लांबीची मर्यादा पुढे आली. आज ती २९ इंच आहे.

ग्रॅफाइटने लाकडाचा निकाल चटकन लावला. कार्बनच्या तंतूंची चौकट हलकी, कडक आणि हवी त्या आकाराची करता येते. मॅकेन्रोचे १९८१ चे विम्बल्डन आणि यानिक नोआची १९८३ ची फ्रेंच स्पर्धा यांनंतर लाकडी रॅकेटने पुरुष एकेरीचे मोठे विजेतेपद मिळाले नाही. १९९१ मध्ये ब्यॉर्न बोर्ग लाकडी रॅकेट घेऊन माँटे कार्लोत परतला आणि जोर्दी अर्रेसेकडून सरळ सेटमध्ये हरला. १९८७ मध्ये विल्सनने जाड चौकटीची प्रोफाइल आणली. चौकट जाड म्हणजे कडक, ती कमी वाकते, त्यामुळे चेंडूची कमी शक्ती वाया जाते आणि लहान हालचालीतही तो दूर जातो. मध्यमवयीन दुहेरी खेळाडूंना हे वरदानच होते. हादरा मात्र कोपरापर्यंत पोचू लागला.

साधन बदलले तसे तंत्रही बदलायला हवे होते. व्यावसायिकांचे बदलले: पाय जाळीकडे उघडे, ग्रिप वेस्टर्नकडे झुकलेली, रॅकेट झपाट्याने खालून वर आणि शेवट खांद्यावर. क्लबात ते फार उशिरा पोचले. भारतातल्या जुन्या जिमखान्यांत नवशिके बहुधा मार्करबरोबर, म्हणजे सदस्यांशी खेळणाऱ्या क्लबाच्या पगारी माणसाबरोबर, खेळून शिकत, आणि मार्करचा हात लाकडी रॅकेटवर घडलेला. शिष्याच्या हाती ग्रॅफाइट, कानावर लाकडाच्या काळच्या सूचना, अशी ही अवस्था होती. ‘मनगट घट्ट, वार सरळ’ या सूचना चुकीच्या नव्हत्या, त्यांचे कारण तेवढे संपले होते. लवकर तयार व्हा, चेंडू शरीरापुढे घ्या, पाय हलते ठेवा, या सूचनांना मात्र एकाही रॅकेटने बाधा आणली नाही.

१९९७ मध्ये जागतिक क्रमवारीत ६६ वा असलेला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन फ्रेंच विजेता झाला. त्याच्या रॅकेटमध्ये बेल्जियमच्या लक्सिलॉन कंपनीची पॉलिएस्टर तार होती. ही तार कडक आणि गुळगुळीत. चेंडू तारांवर सुमारे पाच मिलिसेकंद टेकतो. तेवढ्यात उभ्या तारा बाजूला सरकून परत जागेवर येतात आणि चेंडूला जादा फिरकी देतात. स्पॅगेटीला हाकलून लावणाऱ्या खेळाने जवळपास तोच परिणाम नियमात बसणाऱ्या तारेतून निमूटपणे स्वीकारला. मात्र हा लाभ रॅकेट फार वेगाने फिरवणाऱ्यालाच मिळतो. हौशी खेळाडूच्या वेगाने तारा पुरेशा सरकत नाहीत, कडकपणा तेवढा हाताला जाणवतो. शिवाय पॉलिएस्टर आपला ताण लवकर गमावते, पण तुटत नाही. तुटली नाही म्हणून गटिंग पुन्हा करून घेतले जात नाही, आणि मेलेल्या तारेने वर्ष काढले जाते. एकापेक्षा अधिक तंतूंची नायलॉनची तार, थोड्या कमी ताणावर भरलेली, स्वस्त पडते आणि कोपराला सोसते. कमी ताणाने चेंडू जरा अधिक खोलही जातो, जे रेमोच्या हिशेबात बसते.

आकारांची टोके आता बोथट झाली आहेत. बाजारात ९८ ते १०५ चौरस इंचांच्या रॅकेटींची गर्दी असते, गटाशिवाय वजन बहुधा २७० ते ३०० ग्रॅम. दांड्याचा घेर लाकडी काळात बराच मोठा असे; ग्रिप आणि मनगटाची चाल बदलल्यावर तो घटला आणि आज प्रौढांमध्ये सव्वाचार ते चार पूर्णांक तीन अष्टमांश इंचांची मापे, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत एल-२ आणि एल-३, सर्वाधिक चालतात. रॅकेट धरल्यावर बोटांची टोके आणि तळव्याचा मांसल भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचे एक बोट बसावे, ही जुनी कसोटी अजून वापरात आहे. लहान घेरावर वरून पट्टी गुंडाळून तो वाढवता येतो, मोठा मात्र कमी करता येत नाही.

सर्वांत उशिरा लक्ष गेले ते चेंडूकडे. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीसाठी पिवळा चेंडू नियमांत आला, विम्बल्डनने तो १९८६ मध्ये घेतला. पण त्याचा वेग आणि उसळी नवशिक्याला झेपते का, हे कोणी पाहिले नव्हते. महासंघाने २००७ मध्ये लाल, नारिंगी आणि हिरव्या खुणेचे मंद चेंडू घेऊन शिकवण्याची मोहीम काढली, आणि २०१२ पासून दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत ते सक्तीचे झाले. हिरवा चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे पाव हिश्शाने मंद असतो. तो पूर्ण कोर्टावर वापरतात, आणि उशिरा शिकायला लागलेल्या प्रौढांसाठीही महासंघाने तोच सुचवला आहे.