लागलं, लागीर, लागू

माझ्या आजोळी, पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात, थोरल्या मामाबद्दल आजी एकच वाक्य बोलायची, "त्येला काय तरी लागलंया." नेमकं काय लागलंय ते तिला सांगता यायचं नाही. कधी ती वारं म्हणायची, कधी नजर, कधी बाहेरचं. क्रियापद मात्र दर वेळी तेच असायचं.

मामा एरवी अबोल, हिशेबी शेतकरी. एका वर्षी द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत त्याची झोपच उडाली. रात्री दोनला उठून बागेत जायचा. सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना त्यानं आणखी पाच एकर खंडानं घेतली, दोन ठिकाणी बोअर मारायला गाडी बोलावली, अख्ख्या गावाला जेवणाचं आवतण दिलं. बोलणं थांबेना आणि कुणी आडवं गेलं तर राग आवरेना. संक्रांत सरली आणि हाच माणूस सोप्यातल्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडला, तो उन्हाळा संपेपर्यंत. दोन वर्षांनी पुन्हा तेच झालं. या आजाराला डॉक्टर बायपोलर म्हणतात, हे घराला कळेपर्यंत अकरा वर्षं गेली. तोवर आजीचं क्रियापदच आमचं निदान होतं.

मी त्या क्रियापदाच्या मागे लागलो, तो मामामुळे.

मराठीत तहान लागते, भूक लागते, ठेच लागते, ऊन लागतं, दृष्ट लागते, लळा लागतो, व्यसन लागतं आणि वेडही लागतं. या सगळ्यांत माणसाच्या नावाला 'ला' हा प्रत्यय चिकटतो. 'त्याला वेड लागलं' या वाक्यात तो काही करत नाही. जे घडतं ते त्याच्याकडे चालून येतं. शेजारी 'तो वेडा आहे' हे वाक्य ठेवून पाहा. इथे प्रत्यय गळतो आणि आजार हीच त्या माणसाची ओळख होऊन बसते. ठेच लागलेल्याला आपण 'ठेचा' म्हणत नाही. वेड लागलेल्याला मात्र कायमचा 'वेडा' करून टाकतो. आजीनं मामाला कधी वेडा म्हटलं नाही. जे लागतं ते सुटूही शकतं, ही आशा तिच्या व्याकरणात होती.

'लागणे' येतं संस्कृत 'लग्' या धातूपासून. अर्थ चिकटणे, बिलगणे. त्याचं भूतकालवाचक रूप 'लग्न', म्हणजे चिकटलेलं. प्राकृतात त्याचं 'लग्ग' झालं आणि मराठीत 'लाग'. दुसऱ्या वाटेनं 'लग्न' जसंच्या तसं ज्योतिषातून आलं. पूर्व क्षितिजाला त्या घडीला जी रास टेकलेली असते, ती लग्नरास. त्यावरून शुभ घडी म्हणजे लग्न आणि त्या घडीला होणारा विवाह म्हणजेही लग्न. एकाच धातूची ही दोन लेकरं, एक वेड लागण्यातलं आणि एक लग्न लागण्यातलं. आमच्या घरात ती दोन्ही एकत्र आली.

मामा पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा त्याचं लग्न झालेलं नव्हतं. भावकीतल्या जाणत्यांनी सल्ला दिला, "लगीन लावून द्या, ताळ्यावर येतोय." तो थोडा सावरलेला असतानाच घाईनं मुलगी पाहिली. मुलीकडच्यांना कुणी काही सांगितलं नाही. मामीला पहिली चाहूल लागली ती लग्नानंतर आठ महिन्यांनी, मध्यरात्री अंगणात खड्डा खणत बसलेला नवरा पाहून. पुढे कधीतरी तिनं मला सांगितलं, "मला आजाराचा राग न्हाई. मला सांगितलं न्हाई, त्याचा हाय." अजूनही सातारा-सांगलीकडे हा सल्ला दिला जातो, म्हणून स्पष्ट लिहितो. लग्न हे औषध नाही. त्या समजुतीची किंमत एक अजाण मुलगी फेडते. शिवाय हळदीपासून जागरण-गोंधळापर्यंतची जागलेली रात्रच या आजारात नव्या झटक्याला निमित्त होऊ शकते.

या भागात 'लग्'चं आणखी एक लेकरू नांदतं, 'लागीर'. लागीर म्हणजे भुताखेताची बाधा. साताऱ्याच्या मातीतली 'लागिरं झालं जी' ही मालिका २०१७ मध्ये आली आणि हा शब्द शहरातल्या घरांत प्रेमाचा म्हणून पोचला. गावाकडे मात्र त्याचा जुना अर्थ जिवंत आहे. लागीर झालं की ते उतरवणारा शोधायचा. मामालाही औदुंबरला दत्ताच्या पायाशी बसवलं, मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात नेलं. त्या दोन्ही ठिकाणी घरच्यांना धीर मिळाला, हे मी नाकारणार नाही. पण एका देवऋष्यानं त्याला मिरचीची धुरी दिली आणि दोन दिवस उपाशी ठेवलं, ते मामा अजून विसरलेला नाही. आजीच्या क्रियापदाची ही दुसरी बाजू. बाहेरून लागलेलं असेल तर ते बाहेर काढायला हवं, असं वाटून माणसं मारझोडीपर्यंत जातात.

वेडासाठी मराठीत जुना शब्द आहे 'पिसे'. संतांच्या वाणीत तो देवाच्या ओढीसाठी येतो आणि गोड वाटतो. पण त्याचं मूळ 'पिशाच' या शब्दात आहे. पिसाट आणि पिसाळणे हे त्याच घरचे. 'बावळा' हा शब्द अभ्यासक संस्कृत 'वातुल'पर्यंत नेतात. वातुल म्हणजे वात झालेला. आजीचं 'वारं लागलंय' आणि वैद्यांचा वातदोष असे नकळत एकाच झाडाखाली येऊन बसतात.

वैद्यांचा खास शब्द 'उन्माद'. 'मद्' म्हणजे धुंद होणे, 'उद्' म्हणजे वर. मद, मत्त, मदिरा सगळे या कुळातले. धोतऱ्यालाही संस्कृतात उन्मत्त हे नाव आहे. मामाच्या छाटणीच्या दिवसांतल्या त्या चढत्या धुंदीला इतका नेमका शब्द दुसरा नसेल. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि मन, बुद्धी, स्मृती यांच्याबरोबर शील, वागणं आणि आवडीनिवडीही त्यात बिघडतात, असं म्हटलं आहे. आवडीनिवडी बिघडतात, ही नोंद किती बारीक नजरेची आहे, ते मामीला विचारावं. चरकानं पाचवा प्रकार 'आगंतू', म्हणजे बाहेरून आलेला, मानला खरा. पण देव, गंधर्व, पिशाच हे कुणाला उगाच पीडत नसतात, दोष त्यांच्या माथी मारू नये, असंही तिथेच बजावलं आहे. त्याचा रोख माणसाच्या स्वतःच्या चुकीवर होता. आज आपल्याला माहीत आहे की या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि तो कुणाच्या पापाचं फळ नसतो. तरीही देवऋष्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यानं हात आडवा धरला होता, हे सांगण्यासारखं आहे.

उन्मादाच्या समोरचा शब्द 'विषाद'. त्यातला 'सद्' म्हणजे बसणे. विषण्ण म्हणजे बसकण मारलेला, खचलेला. याच धातूला 'प्र' लागला की प्रसन्न होतं. संस्कृतात प्रसन्न हे पाण्याचंही विशेषण आहे. गाळ खाली बसला की वर जे निवळ पाणी राहतं, ते प्रसन्न. श्रावणातली कृष्णा तांबूस, फुगलेली, काठ सोडून धावणारी असते. कार्तिकात ती निवळते, तळाचे गोटे दिसायला लागतात. मामाच्या आजारात मी पाण्याच्या या तिन्ही अवस्था पाहिल्या, फुगणं, बसणं आणि निवळणं. बसणं हे खचणंही असतं आणि निवळणंही, एवढंच त्या धातूनं मला शिकवलं.

वैद्यकाचा आजचा शब्द 'द्विध्रुवीय'. जर्मनीत कार्ल लिओनहार्ड यांनी १९५७ मध्ये उन्माद आणि विषाद दोन्ही येणाऱ्या रुग्णांना वेगळं काढून दोन टोकांची ही कल्पना मांडली. १९८० मध्ये अमेरिकेतल्या निदानपुस्तिकेत बायपोलर हे नाव पक्कं झालं. मराठी भाषांतरात 'ध्रुव' आला. ध्रुव म्हणजे अढळ. सगळ्यात अस्थिर आजाराला अढळपणाचा शब्द मिळाला. आणि ध्रुवबाळाची गोष्ट सुरू होते ती घरातच, बापाच्या मांडीवरून ढकललं गेल्यावर. आजारी माणूसही आधी घरातली जागा मागत असतो.

ती जागा त्याला नाकारायला एक शब्द पुरतो, आणि तो कुणी उच्चारायचा हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर आणि त्यांचे मित्र टिळक १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज खरोखर वेडे आहेत की त्यांना छळून वेडं केलं जातंय, यावरून कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध 'केसरी' आणि 'मराठा'नं लिहिलं होतं. आधाराची पत्रं बनावट ठरली आणि दोघांना शिक्षा झाली. तो तरुण राजा पुढच्याच वर्षी अहमदनगरला पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत गेला. त्याला काय होत होतं, काय हवं होतं, हे त्याच्या तोंडून कुणी नोंदवलं नाही. मामा कॉटवर पडलेला असताना त्याच्या सह्या आणि जमिनीची वाटणी यांवर त्याच्याच डोक्याशी बसून भाऊ भांडले, तेव्हा मला तो राजा आठवला.

आता कायदा बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात रुग्णाला साखळी लावायला मनाई आहे. बरं असताना, आपण पुन्हा आजारी पडलो तर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे लिहून ठेवायचा हक्क आहे. आपल्या वतीनं बोलायला एक माणूस नेमायचाही. मामानं मामीचं नाव लिहिलं.

'लागू' हा शब्दही त्याच कुळातला. कायदा लागू होतो आणि औषध लागू पडतं. मामाला लिथियम लागू पडलं. लिथॉस म्हणजे ग्रीकमध्ये दगड; १८१७ मध्ये हे मूलद्रव्य एका खनिजात सापडलं, म्हणून हे नाव. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा गुण दाखवून दिला. ते एक प्रकारचं मीठच, म्हणून शरीरातल्या पाण्यामिठाशी त्याचं नातं जवळचं. जत-आटपाडीच्या उन्हात दिवसभर घाम गाळला, कडक उपास धरला, जुलाब झाले किंवा अंगदुखीच्या गोळ्या परस्पर घेतल्या, तर रक्तातलं प्रमाण वर जाऊन बाधा होऊ शकते. म्हणून ठरावीक मुदतीनं रक्ताची तपासणी हवी. रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी, सकाळची घ्यायच्या आधी. थायरॉइड आणि मूत्रपिंडाकडेही लक्ष हवं. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं सोडू नये. मामानं एकदा सोडली होती आणि दोन महिन्यांत पुन्हा बोअरची गाडी दारात आली.

उसाच्या आमच्या मुलखात 'लागण' शब्दाचे दोन अर्थ आहेत. रोगाची लागण आणि उसाची लागण. मामाच्या घरी गाव येईनासं झालं, ते जणू पहिल्या अर्थाच्या भीतीनं. हा आजार कुणाच्या श्वासानं लागत नाही. दुसऱ्या अर्थाची लागण मात्र मी साताऱ्यात पाहतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्तीपासून मानसिक आरोग्यापर्यंत आली. तिच्यासोबत काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर या आजारांवर साध्या मराठीत बोलत-लिहीत आले आहेत. गावातल्याच माणसांना मनाचा प्रथमोपचार शिकवून 'मानसमित्र' करायचं, हा त्यांचा मार्ग. ज्यांच्या गावात असं कुणी नाही, त्यांच्यासाठी १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे. तिथे मराठीतून बोलता येतं. येरवड्याच्या किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात धाडून द्या, असं म्हणणाऱ्या गावात मानसमित्र हा नवा शब्द रुजणं ही खरी आडसाली लागण आहे. पीक हाती यायला वेळ लागेल.

मामा आता पासष्टीला आला आहे. एका भावाशी बोलणं सुरू झालं, दुसऱ्याशी नाही. विकलेली दोन एकर परत आली नाहीत. मामीच्या मनातला तो जुना राग गेला, असंही मी म्हणणार नाही. पण या आजाराची पहिली खूण तिला डॉक्टरांइतकीच ओळखता येते. खर्च, बडबड, राग हे सगळं नंतर येतं. आधी झोप जाते. म्हणून गोळ्यांच्या डबीशेजारी तिनं एक शाळेची वही ठेवली आहे आणि रोज एक आकडा त्यात लिहिते. सात, साडेसात, सहा. सलग दोन दिवस पाचच्या खाली आला की ती डॉक्टरांना फोन लावते, मामाच्या देखत.

मागच्या खेपेला मी मुक्कामी होतो. पहाटे चुलीवर पाणी ठेवून मामी सोप्यात आली, वही उघडली आणि मामाला रोजचा प्रश्न विचारला. आजीचंच क्रियापद होतं ते.

"झोप लागली का?"

"लागली," मामा म्हणाला. मामीनं सात लिहिलं.