चाकरी आणि रियासत

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत वाचक म्हणून रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावेत, राजपुत्रांना शिकवावे, दौऱ्यांत सोबत असावे, अशी ही चाकरी. वेळ सर्वस्वी धन्याचा. इतिहासलेखनाचा संकल्प तेवढा स्वतःचा. अध्यापनासाठी काढलेल्या टिपणांतूनच १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ आणि १९०२ पासून ‘मराठी रियासत’ आकारास आली. राजवाड्यातील कामे उरकून उरलेल्या तासांवर हे खंड उभे राहिले, हे आज सहसा कोणी ध्यानी घेत नाही.

इतिहासाला पूर्ण वेळ देता यावा म्हणून १९२५ मध्ये त्यांनी निवृत्ती पत्करली. महाराजांना ते रुचले नाही. निवृत्तिवेतनात कपात झाली. सरदेसाई इंद्रायणीकाठी कामशेतला जाऊन राहिले आणि लेखन चालूच राहिले. पुढे पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागद छापण्याचे काम सरकारने त्यांच्याकडे सोपवले, तेव्हा पुण्यातील संशोधकांशी तीव्र मतभेद झाले. रियासतीवरील आक्षेप अगदीच निराधार नव्हते. नवी साधने हाती येताच सरदेसाई स्वतःच जुने लेखन सुधारीत. पाठीशी जदुनाथ सरकार होते. मोडी कागदांचे हजारो रुमाल उपसून १९३० ते १९३४ या अवधीत ४५ भाग प्रसिद्ध झाले. त्यानंतर, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत नव्याने मांडला.